मखराचं टेबल

टेबलाच्या चारही पायांना केळीचे खांब बांधून झाले, वर आंब्याच्या पानांचं तोरण चढलं, मधोमध समई उभी राहिली, आणि मग कुठे सरूच्या लक्षात आलं की ताट ठेवायला जागाच उरलेली नाही.

ती दोन पावलं मागे सरली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. सुंदर दिसत होतं, त्यात वाद नाही. माहेरून, खांब गावाहून, भावाने पाठवलेल्या वालाच्या वेली शेंगांसकट कडेने खाली सोडल्या होत्या. तांब्याच्या लोट्यांत आंब्याचा मोहर खोचला होता. कापणीच्या वेळी जपून ठेवलेल्या भाताच्या लोंब्यांच्या जुड्या कोपऱ्याकोपऱ्यात होत्या, आणि पुढच्या बाजूला वालाच्या दाण्यांनी 'दिपिकाचं केळवण' असं ठसठशीत लिहिलं होतं. रिकामी अशी एकच जागा राहिली होती, समईच्या मागे, बरोबर मधोमध, हातभर रुंद. तिथे गणपती शोभला असता. भाचीला काही तिथे बसवता येणार नव्हतं.

"गेलं," सरू स्वतःशीच म्हणाली.

पहाटे उठून तिने हे सगळं मांडलं होतं ते जेवणाचं टेबल म्हणून. पण हातांना कोण सांगणार? ह्या टेबलावर तिच्या हातांनी आजवर मखरच बांधलं होतं, तेच त्यांनी आजही बांधलं.

त्या टेबलाची गोष्ट पेणमधल्या त्यांच्या अख्ख्या आळीला ठाऊक होती. टेबल रोह्याहून आलेलं. सरूच्या नणंदेने, अनिताने, ते हौसेने आईसाठी करून घेतलं होतं. सागवानी, सहा खुर्च्यांचं, वर काच नाही काही नाही, नुसतं पॉलिश. 'आई, आता खाली बसून जेवणं पुरे,' असा निरोप टेम्पोबरोबर होता. पण टेम्पो पोचला नेमका गणपतीच्या आदल्या दिवशी. जोहे गावातून आणलेली मूर्ती घरात येऊन रुमालाखाली वाट बघत होती, आणि तिच्यासाठी माळ्यावरून काढलेला जुना चौरंग बघावा तर त्याला आतून वाळवीने पोखरलेलं. सरूच्या सासूने, चंद्रावतीने, एकदा चौरंगाकडे पाहिलं, एकदा दारात उतरणाऱ्या टेबलाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "घ्या. देवानं आपलं आपण मागवून घेतलंन."

त्या वर्षी गणपती टेबलावर बसला. गणपती गेला, पण त्यानंतर त्या टेबलावर कुणाचं ताट काही बसलं नाही. देव बसला तिथे खरकटं सांडायचं नाही, असं चंद्रावतीने सांगून टाकलं, आणि ह्या घरात चंद्रावतीने सांगून टाकलं की ते सांगून झालं. अनिताला हे कळलं तेव्हा ती दोन सण माहेरी आली नव्हती.

टेबल मात्र कधी ओकंबोकं राहिलं नाही. सरू भातशेती आणि वालाच्या गावातली, तिला रिकामी जागा बघवत नसे. नवरात्रात घट, दसऱ्याला आपट्याच्या पानांची रास, तुळशीच्या लग्नाला उसाची खोपटी, मार्गशीर्षातल्या गुरुवारी लक्ष्मीचा कलश, संक्रांतीला सुगडं, चैत्रात गौरीपुढे कैऱ्या आणि कलिंगडाचं कमळ, आषाढात घरातले झाडून सगळे दिवे. आळीतल्या बायका 'सरूच्या टेबलावर काय मांडलंय' ते बघायला म्हणून यायच्या. आणि घरातली माणसं त्या सजलेल्या टेबलाच्या पायाशी सतरंजी टाकून जेवायची. असं जगात कुठे नसेल, पण इथे होतं.

पुढे चंद्रावतीच्या गुडघ्यांनी दगा दिला. खाली बसलं की उठवायला दोन माणसं लागू लागली. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून जेवायची, ताट पिठाच्या डब्यावर ठेवून, तेही सगळ्यांचं उरकल्यावर. सरू तिच्या पायाशी बसून जेवायची. म्हातारीची तक्रार काही नव्हती. निदान बोलून दाखवलेली नव्हती.

आणि परवा दिपिकाचा फोन आला होता. अनिताची एकुलती एक, ह्या घरात रांगलेली.

"मामी, मामाकडचं केळवण हाय, म्हणजे तुझंच. मला पाच पक्वान्नं नकोत. मला टेबलावर बसून जेवायचंय, आणि आजी माझ्या शेजारी बसून जेवली पायजे. सगळीकडं केळवणं झाली, सगळीकडं मी एकटी ताटावर नि बाकी सगळे फोटो काढतायत. आजी नाय बसली तर मी पण नाय जेवणार, आताच सांगते."

लग्न पंधरवड्यावर आलं होतं. लग्नानंतर होणाऱ्या नवऱ्याच्या, प्रणितच्या, नोकरीपायी तिला बडोद्याला जायचं होतं. आजीच्या शेजारी बसून जेवायचा योग मग कधी यायचा, कुणी सांगावं?

"बघते गो," सरू म्हणाली होती. काय करायचं ते सुचत नसलं की ती बघते म्हणत असे.

मामाच्या घरून केळवणाची मुलगी उपाशी गेली, असं रोह्यात आणि पेणमध्ये म्हटलं गेलं असतं, ते एक होतंच. पण सरूला खरी टोचणी वेगळी होती. दिपिकाने मागितलं ते तिलाही कधीपासून हवं होतं, आणि मागायचं धाडस तिला झालं नव्हतं. सासूला तिने काही सांगितलंच नाही. टेबल असं नटवायचं, की म्हातारीचा पाय आपसूक तिकडे वळावा, असा तिचा बेत होता. आता त्या बेताचं मखर होऊन समोर उभं होतं.

"सरू, बिरड्यात गूळ घातलास काय गो?" आतून हाक आली.

"घातला, आई."

"मग आता खोबरं घाल. आणि बाहेर काय चाललंय? मगापासून नुसती खुडबुड ऐकतेय."

सरू उत्तर देणार तोच दारात रिक्षा थांबली.

सगळ्यात आधी आत शिरला महिपती, अनिताचा नवरा, रोह्याच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणारा, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा माणूस. चपला काढल्या, मान वर केली, टेबल बघितलं, आणि दोन्ही हात जोडून त्याने डोळे मिटले.

"आरती झाली काय?" डोळे उघडत त्याने विचारलं.

"भावजी, केळवण हाय," सरू म्हणाली.

"अरेच्चा!" महिपतीने जोडलेले हात सोडवून घेतले आणि ते कुठे ठेवावेत ते न कळून खिशात घातले.

मागून अनिता आली. तिने टेबल पाहिलं, केळीचे खांब पाहिले, आणि पदर तोंडाला लावला. "अगो सरू, भाद्रपद कधी लागला? मला कोण बोललं पण नाय!" मग तिला हसू आवरेना, आणि तिच्या मागून आलेल्या दिपिकालाही आवरेना. दिपिकाने येऊन सरूच्या गळ्यात हात टाकले. "मामी, कसलं भारी केलंस गो! पण ताट कुठं ठेवायचं?"

"तेच बघतेय," सरू म्हणाली.

सरूचा नवरा शिवा आंघोळ करून बाहेर आला. डोलवीच्या कंपनीत त्याची आज दुपारची शिफ्ट होती, ती त्याने भाचीसाठी बदलून घेतली होती. "ताय, आलीस? भावजी, बसा. सरू, पाणी दे." बसा म्हणाला खरा, पण बसायला सतरंजीच होती, आणि त्यावर सवयीने सगळे बसलेसुद्धा. फक्त दिपिका उभी राहिली.

"मी खाली नाय बसणार," ती म्हणाली. "आजी कुठं हाय?"

ती तडक स्वयंपाकघरात गेली. आधी मुके घेतल्याचे आवाज आले, मग हसणं, मग 'वाळलीस किती गो' झालं, आणि मग एकाएकी काहीच ऐकू येईना.

"टेबलावर?" चंद्रावतीचा आवाज चढला. "त्या टेबलावर? मी?"

काठी टेकत ती दारापर्यंत आली आणि चौकट धरून उभी राहिली. तिची नजर टेबलावरून फिरली. वालाच्या वेली, मोहर, लोंब्या. क्षणभर तिचा चेहरा उजळला, कारण चांगलं काम तिला कळत होतं. मग तो पुन्हा कठोर झाला.

"सुरेख केलंस, सरू," ती म्हणाली. "त्याच्या खाली पाट मांड, रांगोळी घाल. पोरगी जेवूं दे. मी इथनं बघतें."

"आजे, बघायला नाय बोलवत मी तुला."

"देवाच्या जागेवर उष्टं सांडू? एवढी वर्षं नाय सांडलं ते तुझ्या लग्नात सांडू?"

महिपतीला वाटलं आता जावयाने बोलायला हवं. "आई, मी काय म्हणतो," त्याने घसा साफ केला, "गणपती टेबलावर बसतो कुठं? गणपती पाटावर बसतो. टेबल त्या पाटाच्या खाली. आणि पाटावर बसून तर आपण सगळे जेवतोच की."

मुद्दा बिनतोड होता. सगळ्यांनी चंद्रावतीकडे पाहिलं.

"देवाचा पाट निराळा, जेवायचा निराळा," ती शांतपणे म्हणाली. "टेबल एकच हाय."

"मग दुसरं आणून देऊ काय?" अनिता उसळली. "आणते. त्याच्यावर तू गौरी बसवशील! मी ते कोणासाठी केलं होतं गो आई? तुझे गुडघे दुखतात म्हणून केलं होतं. देवाला काय गुडघेदुखी हाय?"

"ताय, जाऊ दे ना," शिवा मध्ये पडला. "नाय जमत तिला तर नाय जमत. कशाला सणासुदीला?"

"तू गप. तुझं काय जातं? तुला आयतं खाली ताट मिळतं."

"मी तिची बाजू घेतली तर मी वाईट! आई हट्टी हाय हे काय तुला आज कळलं?"

"हट्टी?" अनिता जागची उठली. "आईला हट्टी म्हणतोस? बाबा गेल्यावर तिने हट्ट केला नसता तर हे घर राहिलं असतं काय? तिच्या मनात नसंल तर नाय बसणार ती. कोण जबरदस्ती करतो तेच बघते मी."

"अगो, पण तूच तर…" शिवा बोलायचा थांबला. महिपतीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि नकारार्थी मान हलवली. लग्न होऊन इतकी वर्षं झाल्यावर त्याला एवढं कळत होतं की मायलेकींच्या भांडणात जो बोलतो तो दोघींचा वैरी होतो.

दिपिका टेबलाजवळ गेली आणि वालाच्या दाण्यांतलं आपलं नाव बघत उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलंय हे सरूला पाठमोरंही कळलं. चंद्रावतीलाही कळलं असावं, कारण ती वळली आणि काठी न टेकताच आत गेली.

सरू तिच्या मागोमाग गेली. गॅसवर भाताचा टोप शिजत होता, झाकणाच्या कडेने पेज फसफसत होती. चंद्रावती आपल्या खुर्चीवर बसली होती.

"दार लोट," ती म्हणाली.

सरूने दार लोटलं.

"तू तिला हो सांगितलंस?"

"बघते म्हटलं."

"तुझं बघते म्हणजे व्हयच असतं. मला ठावं नाय काय?"

"आई, तुळशीच्या लग्नाला तुम्हीच त्याच्यावर पोह्यांची परात ठेवली होतीत. अख्ख्या आळीनं हात घातला."

"तो प्रसाद होता."

"बरं," सरू म्हणाली. तिने झाकण बाजूला केलं, भात ढवळला, दाणा बोटात चेपून बघितला. वाद घालण्यात तिला कधी गोडी नव्हती, आणि आता तर तिला फार वाईट वाटत होतं. आपण सगळ्यांना एका खोलीत आणलं आणि तिथेच तोंडघशी पाडलं, असं तिला वाटलं.

तिने गॅस बारीक केला. मग चंद्रावती बोलली, पण तो तिचा सांगून टाकण्याचा आवाज नव्हता.

"मी कधी कोणाच्या पुढ्यात बसून जेवले नाय गो."

सरूने मागे वळून पाहिलं.

"लग्न होऊन आले तवा आधी सासरा जेवायचा, मग बाकीची बापय माणसं, मग पोरं. मग सासू नि जावा. मी धाकटी, मी शेवटाला. सासू गेली, जावा निराळ्या झाल्या, पण मी आपली शेवटालाच. तुझे सासरे इतकी वर्षं सोबत होते, त्यांनी मला जेवताना कधी पाह्यलं नाय. आणि आता सगळ्यांच्या मध्ये खुर्चीवर बसू? जावई समोर, पोरगा समोर. बघू कुठं? डावा हात ठेवू कुठं? घास नाय उतरायचा माझ्या घशाखाली." ती थांबली. "आणि मी बसले तर वाढायचं कोणी?"

ह्यावर हसू यायला हवं होतं. सरूला आलं नाही. तिच्या एकदम लक्षात आलं की पहाटे टेबल मांडताना तिने बसणाऱ्यांचा हिशेब केला होता. दिपिका, आजी, अनिताताई, भावजी, हे. पाच जण झाले म्हणून सहावी खुर्ची शोधायची नाही, असंही तिने ठरवलं होतं. त्या हिशेबात ती स्वतः नव्हतीच. कुणी वगळलं नव्हतं तिला. तिचं तिलाच सुचलं नव्हतं.

"मी पण बसते," ती म्हणाली.

"तू?"

"मला तरी कुठं ठावं हाय डावा हात कुठं ठेवायचा? दोघी मिळून बघू."

"आणि वाढणार कोण?"

"कोण नाय. टोप मध्ये ठेवायचा. बिरडं मध्ये, खीर मध्ये. ज्याला जे हवं ते त्यानं घ्यावं."

"मध्ये तर तुझं ते सगळं हाय."

"काढते."

चंद्रावती तिच्याकडे बघत राहिली. पहाटेपासूनची खुडबुड तिने ऐकली होती, आणि सुनेला त्या टेबलाचा किती अभिमान आहे ते ह्या घरात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. कुणी साधं फूल सरकवलं तरी सरू ते परत जागेवर नेऊन ठेवायची.

"काढशील?" तिने विचारलं.

सरू बाहेर गेली. सतरंजीवर तिघे तीन दिशांना तोंडं करून बसले होते. तिने आधी लोटे उचलले. मोहर कपाटावर गेला. मग ती समईला हात घालणार तोच दिपिका किंचाळली.

"मामी! अगो काय करतेस? फोटो पण नाय काढला अजून!"

"काढायचा तर काढ पटकन."

"सरू, तुला माझ्या बोलण्याचा राग आला काय?" अनिता घाबरून म्हणाली. "मी आईला बोलले, तुला नाय. राहूं दे ते, किती छान दिसतंय."

"राग नाय, ताई. ताटांना जागा करतेय."

"थांब!"

चंद्रावती दारात उभी होती. एका हातात काठी, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली.

"बसवलेलं असं कोणी उचलतं? अक्षता नाय, काय नाय, सरळ उचलायला लागलीस." ती टेबलापाशी आली. काठी तिने दिपिकाकडे दिली. "दरवर्षी गणपतीची उत्तरपूजा करतो. अक्षता टाकतो, मूर्ती हलवतो, मगच न्यायची. टेबलाची कोणी केलीच नाय कधी. ते बिचारं पहिल्या वर्षापासून बसलंच हाय तसं."

कुणाला हसावं की नाही ते कळेना. चंद्रावतीने मूठ उघडली आणि कुंकू लावलेले तांदळाचे दाणे टेबलाच्या मधोमध टाकले. डोळे मिटून ती काहीतरी पुटपुटली. मग तिने टेबलाच्या कडेवर हात ठेवून जोर लावून पाहिला, पण सागवान तसूभर हललं नाही.

"शिवा, बघतोस काय? धर तिकडनं. महिपती, तुम्ही पण धरा. जरा उत्तरेला सरकवा."

शिवा आणि महिपती उठले. केळीच्या खांबांसकट टेबल करकरत लादीवरून वीतभर सरकलं, आणि महिपतीच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "गणपती बाप्पा…"

"मोरया!" सगळे एकदम म्हणाले, आणि मग जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. अनिता हसता हसता सतरंजीवर बसली. शिवा भिंतीला टेकला. दिपिकाच्या डोळ्यांतलं आधीचं पाणी पुसायचं राहिलं होतं, त्यात हे नवं आलं.

एकटी चंद्रावती हसली नाही. "झालं," ती म्हणाली. "आता हे नुसतं टेबल. चतुर्थीच्या आधी धुऊन घेऊ नि परत बसवू. एवढा मोठा गोतावळा, नि एवढं कोणाला सुचू नये!"

मग खुर्च्यांची शोधाशोध सुरू झाली, कारण टेबलापाशी खुर्च्या नव्हत्याच. इतक्या वर्षांत त्यांनी आपापले उद्योग शोधले होते. एक पडवीत तुळशीच्या रोपांची झाली होती. एकीवर शिलाईमशीनशेजारी कपड्यांचा ढीग होता. एक गच्चीत पापड वाळवायला गेली होती, तिला अजून मिरगुंडांचा वास येत होता. एकीवर उभं राहून शिवा वर्षातून दोनदा पंखे पुसायचा, आणि एक शेजारी कुणाच्या तरी बारशाला गेली होती ती तिथेच राहिली होती. महिपती स्वतः जाऊन ती मागून घेऊन आला.

"पाचच झाल्या," दिपिका म्हणाली. "सहावी?"

कुणालाच चटकन आठवेना. अनिता माळ्यावर बघायला निघाली. तेवढ्यात शिवा स्वयंपाकघरात डोकावला आणि तिथूनच ओरडला, "ताय, आई तर एवढी वर्षं तुझ्याच खुर्चीवर बसून जेवतेय!"

अनिता दारात आली. पिठाच्या डब्याशेजारी, पाठीला जुन्या लुगड्याची घडी लावलेली तिची सागवानी खुर्ची होती. खुर्ची तिने स्वतः उचलली, घडी न काढता बाहेर आणली आणि दिपिकाच्या जागेशेजारी ठेवली. आईने खुर्चीच्या पाठीवर हात फिरवला आणि बसली. मायलेकींचा तंटा एवढ्यावरच मिटला, कुणाला पत्ता न लागता.

सरूने दिपिकाला कुंकू लावलं, ओवाळलं, मोतिया रंगाची साडी तिच्या ओटीत घातली. मग समई आणि लोंब्या कपाटावर नेल्या, ताटं मांडली, आणि भाताचा टोप मधोमध ठेवला, जिथे दरवर्षी देव बसायचा तिथे. झाकण काढलं तशी वाफ वर तोरणापर्यंत गेली. चंद्रावतीने टोपाला हात जोडले. ह्या वेळी तिला कुणी हसलं नाही.

"बस ना गो, मामी," दिपिका म्हणाली, कारण सरू अजून उभीच होती, हातात पळी घेऊन.

सरू बसली. शिवाने तिच्याकडे असं पाहिलं जणू घरात पाहुणी आली आहे, मग त्याने गडबडीने टोपातला भात तिच्या ताटात वाढला, जरा जास्तच, अर्धा बाहेर. महिपतीचे गुडघे केळीच्या खांबाला लागत होते. वालाच्या शेंगा अनिताच्या मांडीवर लोंबत होत्या. बिरडं घेताना रस्सा सांडला, नेमका वालांच्या दाण्यांवर, आणि 'केळवण'मधला 'ण' पिवळा झाला. सगळ्यांनी आजीकडे बघितलं.

"पुसायचं मागनं," ती म्हणाली. "जेवा."

तिने बिरड्याचा भात कालवला, पहिला घास दिपिकाच्या तोंडात घातला. दिपिकाने दुसरा घास आजीपुढे धरला. चंद्रावतीने इकडेतिकडे पाहिलं. जावई ताटात बघत होता. लेक पापड मोडत होती. शिवा उगाच तोरणातली पानं मोजल्यासारखं करत होता. तिने डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

ती हळूहळू चावत राहिली. गिळलं. मग स्वतःच्या हाताने दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि मध्येच थांबली.

"सरू," ती म्हणाली, "भात गरम हाय गो."

"चटका बसला काय?" शिवाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"तुला नाय विचारलं. सरू, तुझ्या हातचा भात असा लागतो व्हय? माझ्या सुनंच्या हातचा भात, नि मला ठावंच नव्हतं."

सरूच्या तोंडात तोच भात होता, तोही पहिल्यांदाच गरम, आणि तिलाही ते आजच कळत होतं.